अ‍ॅलर्जीच्या गोळ्या : गुण किती, त्रास किती?

सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका, डोळ्यांना खाज, नाकाला धार. सेटिरिझिनची १० मिलिग्रॅमची गोळी घेतली की तासाभरात शिंका थांबतात, पण डोकं दिवसभर जड राहायचं. डॉक्टरांनी ती रात्री घ्यायला सांगितल्यापासून बरंच सुसह्य झालंय. चोंदलेलं नाक मात्र गोळीने सुटलं नाही, त्याला स्टेरॉइडचा स्प्रेच लागला. तुम्ही काय घेता, काय सोसलंत, सविस्तर लिहा.

*

अंगावर गांधी उठायच्या म्हणून मी दीड वर्ष रोज लेव्होसेटिरिझिन घेतली. बरं वाटतंय म्हणून एक दिवस एकदम बंद केली. तिसऱ्या दिवशी तळहात, टाळू, पाठ, सगळीकडे अशी खाज सुटली की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गांध एकही नाही, नुसती खाज! घरचे म्हणाले, मनाचे खेळ आहेत. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, तेव्हा खाज गेली. मग अर्धी, मग दिवसाआड, असं करत दोन महिन्यांनी सुटली. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नेमका हाच इशारा दिला: सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन दीर्घकाळ घेऊन थांबवल्यावर क्वचित तीव्र खाज सुटू शकते. वाचून मला रडू आलं.

*

फेक्सोफेनाडिनने मला झोप येत नाही, गाडी निर्धास्त चालवते. पण गुणच येईना. मी ती संत्र्याच्या रसाबरोबर घेत होते! फळांच्या रसाने तिचं शोषण घटतं. आता फक्त पाण्याबरोबर.

*

बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे. सर्दीची साधी गोळी म्हणून दिली, तिच्यात क्लोरफेनिरामिन हे अ‍ॅलर्जीचं जुनं औषध होतं. त्याने रात्री लघवी पूर्ण अडली, कॅथेटर (लघवीची नळी) घालावा लागला. घरी म्हातारं माणूस असेल तर पाकिटावरची घटकांची नावं वाचाच, कळकळीने सांगतोय.

*

मुलाला लेव्होसेटिरिझिनच्या जोडीने माँटेलुकास्ट ही अ‍ॅलर्जी-दम्याची दुसरी गोळी होती. दुसऱ्या आठवड्यात तो रात्री किंचाळत उठू लागला, दिवसा चिडचिड. माँटेलुकास्टच्या मानसिक दुष्परिणामांबद्दल एफडीएने २०२० मध्येच ठळक इशारा छापायला लावलाय, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ती थांबवली. आठवड्याभरात तो शांत झोपायला लागला.