‘मोठी कॅम’ म्हणजे नेमकं काय मोठं?

रामबाग, इंदूर
बाबांच्या जुन्या जिप्सीचं इंजिन सध्या उघडलंय. मिस्त्री म्हणाले, “मोठी कॅम टाकू, हेडचं पोर्टिंग करू.” (कॅम म्हणजे झडपा उघडणारा दांडा, हेड म्हणजे इंजिनाचा झडपा असलेला वरचा भाग, पोर्टिंग म्हणजे त्यातल्या हवेच्या वाटा रुंद करणं.) मोठी म्हणजे काय, असं विचारलं तर त्यांनी लोबवर, म्हणजे झडप ढकलणाऱ्या कॅमच्या फुगवट्यावर, बोट ठेवलं. झडप आणि दट्ट्या हे शब्द शाळेपासून माहीत आहेत. पण लिफ्ट (झडप किती उचलली जाते) आणि ड्युरेशन (ती किती उघडी राहते) यांना मराठीत काय म्हणायचं? बाबांनी ‘उचल’ आणि ‘उघडकाळ’ सुचवलंय. चालेल का?

पीथमपूर
ताई, ‘उचल’ छान आहे, पण नुसतं ‘उचल’ म्हणू नका. ‘दुखण्याने पुन्हा उचल खाल्ली’ म्हणतो तशी गाडीही मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर उचल खाते. म्हणजे ‘या कॅमची उचल जास्त’ हे वाक्य ऐकणारा गाडीचा पिकअप समजेल आणि फसेल. ‘झडपेची उचल’ म्हणा, मिलिमीटरमध्ये सांगा.

‘उघडकाळ’ मात्र मला मान्य नाही. ड्युरेशन ही वेळ नाहीच, तो क्रॅंकच्या (दट्ट्यांमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) फिरण्याचा कोन आहे. झडप 240 अंश उघडी राहते असं धरा. हजार फेऱ्यांना ते 40 मिलिसेकंद होतात, सहा हजारांना जेमतेम पावणेसात. अंश तेच, काळ सहापट कमी! म्हणून ‘उघडकोन’. आणि तो कुठल्या उचलीपासून मोजलाय तेही विचारा. झडप जेमतेम हलली तिथून मोजलेला आकडा आणि 1.27 मिलिमीटर उचलीपासून मोजलेला आकडा यांत पन्नासेक अंशांचा फरक सहज पडतो.

छावणी
उघडकोन पटला. पण ओव्हरलॅपला ‘सामायिक उघडकोन’ म्हणायला कोणाची जीभ वळणार? ओव्हरलॅपच राहू दे. दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या, एवढं कळलं की झालं. हा वाढला की आयडलला जळका वायू परत आत येतो, गाडी उभ्याउभ्या थरथरते, इंजिनाचा व्हॅक्यूम पडतो आणि त्याच्या जोरावर हलकं चालणारं ब्रेकचं पेडल जड होतं. मी हे एका गाडीवर भोगलंय. मला फक्त ‘मोठी’ सांगितलं होतं. राजवाड्याच्या गर्दीत ती दर सिग्नलला बंद पडायची. उघडकोन किती, हे विचारायला माझ्याकडे तेव्हा शब्दच नव्हता.

पीथमपूर
म्हणूनच हेडचाही विचार सोबत करा. उघडकोन वाढला की सहसा इनटेकची (हवा आत घेणारी) झडप उशिरा मिटते. कमी फेऱ्यांवर भरलेली हवा थोडी परत जाते, दाब पडतो. तो भरून काढायला कॉम्प्रेशन वाढवतात, म्हणजे हेड घासून घेतात. उलट पोर्ट फार रुंद केला की हवेचा वेग मरतो आणि शहरात गाडी सुस्त वाटते. रोज दवा बाजारापर्यंत जायचं असेल तर उघडकोन आवरता ठेवा. झडपेची उचलही हेड जिथपर्यंत हवा वाढवून देतं तितकीच घ्या. त्यापुढे नुसता स्प्रिंगवर ताण.

रामबाग, इंदूर
काका, फार मदत झाली. आज मिस्त्रींना ‘झडपेची उचल किती, उघडकोन किती’ असंच विचारलं. त्यांनी लगेच कागद काढून आकडे लिहून दिले. मग झडप आणि दट्ट्या यांत किती अंतर राहतं ते पाहायला दट्ट्यावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीची पातळ चकती ठेवली, गॅस्केटसकट हेड बसवून टायमिंग जुळवलं आणि क्रॅंक हाताने सावकाश दोन फेरे फिरवला. हेड काढलं तर मातीत झडपेचा चंद्रकोरीसारखा ठसा उमटला होता. ब्लेडने कापून मोजलं: सगळ्यात पातळ जागी दीड मिलिमीटर. मिस्त्री म्हणाले, निदान दोन तरी हवेत. ती कॅम परत केली.

आणखी एक. आम्ही घरी ‘हेड खोलला’ म्हणतो. पुण्याची मावशी दर वेळी ‘हेड उघडलं’ असं सुधारते. तुमच्याकडे हेड तो की ते?

छावणी
आमच्याकडे तो. खोलला, बसवला, आणि गळला तर पुन्हा खोलला. मावशींना नमस्कार सांगा.