मदत हवी आहे: बायोफिल्टर वरून चिखल, खालून भुकटी, टोल्युइनचा वास थांबेना

नमस्कार मंडळी,

भोसरीत एका ग्रॅव्ह्युअर प्रिंटिंग युनिटमध्ये मेंटेनन्स बघतो. शिक्षण मेकॅनिकलचं, जिवाणूंच्या बाबतीत अडाणी, हे आधीच सांगतो.

ड्रायरची हवा बायोफिल्टरमधून (ओल्या मालाचा थर, त्यातले जिवाणू हवेतले सॉल्व्हंट खातात) बाहेर सोडतो, ताशी ३,००० घनमीटर. त्यात इथिल अ‍ॅसिटेट आणि टोल्युइन ही सॉल्व्हंट. बेड ४० घनमीटरचा, एक मीटर उंच, कंपोस्ट आणि लाकडाच्या ढलप्यांचा. हवा खालून वर जाते. बेड रिकामा धरून हिशेब केला तर हवेला आत ४८ सेकंद मिळतात, कागदावर तरी ठीक.

गेल्या पावसाळ्यात बसवला. पहिले तीन आठवडे वास येत राहिला, मग जिवाणू सरावले आणि झकास चाललं. मार्चपासून घोळ सुरू झालाय. इथिल अ‍ॅसिटेट अजूनही खाल्लं जातं, पण टोल्युइन निम्मं तसंच बाहेर. शुक्रवारी सकाळी तर शेजारच्या शेडमधून फोनच येतो. (गुरुवारी सुट्टी असते, ब्लोअरही बंद.)

बेडवरचा दाबाचा फरक आधी ४० मिमी पाणी होता, आता २५. आम्ही खूश होतो, ब्लोअरवरचा भार कमी झाला म्हणून! काल खणून पाहिलं: वर चिखल, खालचा फूटभर थर हातात घेतला की भुकटी. वरचे स्प्रिंकलर दुप्पट वेळ चालवून काही फरक नाही. कंत्राटदार म्हणतो सगळा माल बदला, साहेब म्हणतात पुढे वास शोषणारा कार्बन फिल्टर लावा. काय करू?

ढलपीवाला: दाब उतरला ही वाईट खूण. बेडला भेगा पडल्यात, हवा तिथून पळतेय. सॉल्व्हंट खाताना जिवाणू उष्णता सोडतात, ती जास्त करून हवा शिरते तिथेच, म्हणून तळ आधी वाळतो. वाळलेलं कंपोस्ट पाणी धरत नाही, वरचं पाणी भेगांतून थेट खाली निघून जातं. स्प्रिंकलरच्या नादी लागू नका, आत येणारी हवाच बाष्पाने जवळपास संपृक्त हवी. तिचं तापमान आणि आर्द्रता किती आहे? ४० अंशांच्या वर गेलं तर नेहमीचे जिवाणू गळपटतात. टोल्युइन पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून ओल कमी-जास्त झाली की पहिला फटका त्यालाच. माल लगेच फेकू नका. उपसा, हाताने भिजवा, बारीक चूर चाळून काढा, नव्या ढलप्या मिसळून परत भरा. गुरुवारी ब्लोअर कमी वेगावर चालू ठेवा, ओलसर हवा जात राहू दे. सामू पण तपासा.

धागाकर्ता: दादा, पकडलंत! दुपारी दोनला आत येणारी हवा ४६ अंश. ह्युमिडिफायर (आत येणाऱ्या हवेवर पाणी फवारून ती ओली करतो तो) उघडला तर चारपैकी तीन नोझल बोअरच्या क्षाराने गच्च चोंदलेले. स्प्रिंकलरवर महिना घालवला आणि हे झाकण कुणी उघडलंच नाही, मीसुद्धा. उद्या बेड उपसायला घेतो. आता एक सांगा, नोझलला ईटीपीचं (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेचं) शुद्ध केलेलं पाणी चालेल का, की सॉफ्टनरच बसवू?

ढलपीवाला: टीडीएस (विरघळलेले क्षार) किती त्याचा? आधी ते मोजा. क्षार तेवढेच असतील तर पुन्हा हेच होणार.