एचएस-सीआरपी टेस्ट कोलेस्टेरॉलसोबतच करायला हवी का?

निळाई:
बाबांना अटॅक आला तेव्हा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९४ होतं, दरवर्षीचे रिपोर्ट नॉर्मल म्हणून आम्ही निर्धास्त. शरीरातली सूज कोणी मोजलीच नव्हती, म्हणजे सूज असली की रक्तात वाढणारं सीआरपी हे प्रथिन; एचएस-सीआरपी टेस्ट तेच मोजते. धमनीत नुसती चरबी साठत नाही हो, पांढऱ्या पेशी ती गिळून फुगतात, वरचं आवरण पातळ होत जातं नि एक दिवस फाटतं की तिथेच गुठळी. २००८ च्या ज्युपिटर ट्रायलमध्ये एलडीएल १३० च्या खाली पण सीआरपी २ किंवा वर अशी १७,८०२ माणसं होती, रोसुवास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने (स्टॅटिन) अटॅक-स्ट्रोक वगैरे मिळून ४४ टक्के कमी झाले. मग ही टेस्ट सगळ्यांची का नको?

दवबिंदू:
बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण ज्युपिटरमध्ये कमी सीआरपीवाले घेतलेच नव्हते, मग फायदा सीआरपी जास्त होतं म्हणूनच झाला हे कशावरून? शिवाय एलडीएलही निम्म्यावर आलं होतं. माझं सीआरपी ११ आलं, रिपोर्टवर लाल अक्षरात 'हाय रिस्क', आठवडाभर झोप नाही. निघालं काय तर दाढेत पू! तीन आठवड्यांनी परत केली तर ०.८. दहाच्या वर आलं की आधी इन्फेक्शन शोधायचं हे लॅबमध्ये कोणी सांगितलं नाही.

निळाई:
परत करायची, मान्य. पण २०१७ ची कॅन्टोस ट्रायल बघा ना, कॅनाकिनुमॅब या सूज कमी करणाऱ्या इंजेक्शनने एलडीएल हललं नाही तरी १५ टक्के फायदा झालाच.

दवबिंदू:
आणि जीवघेणी इन्फेक्शन्स वाढली त्याचं काय? संधिवातातल्या सुजेवर देतात त्या मेथोट्रेक्सेटने तर काहीच फरक पडला नाही. ज्यांचं सीआरपी जनुकांमुळे जन्मतःच जास्त त्यांना हार्टचा त्रास जास्त होत नाही, म्हणजे सीआरपी हा नुसता धूर आहे, आग नाही.

पारिजात:
धूर तरी दिसू दे की! मात्र कोल्चिसिनचं ध्यानात घ्या, गाऊटची जुनीच गोळी, २०२० च्या लोडोको-२ ट्रायलमध्ये ३१ टक्के फायदा पण माणसं सीआरपी बघून निवडली नव्हती, आणि २०२४ च्या क्लिअर सिनर्जी ट्रायलमध्ये अटॅकनंतर लगेच देऊन काही उपयोग झाला नाही. आकडा बघून कुठली गोळी द्यायची हे अजून पक्कं नाहीये.

निळाई:
ठीक, सगळ्यांची नको. पण आजोबा हार्टनेच गेलेले, बाबा अठ्ठावन्नचे, स्टॅटिन सुरू करू की नको यावर डॉक्टर दोन वर्षं अडलेले. तिथे तरी करायला हवी होती.

दवबिंदू:
तिथे करायलाच हवी होती. माझा विरोध पंचविशीतल्या धडधाकट पोरांच्या पॅकेजमध्ये ती घुसवण्याला आहे.