धागा: देव भेटला ते प्रसंग जपून कसे ठेवता?

जय ख्रिस्त मंडळी.

साक्षी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सभेत सांगणं, आपल्याकडे कमी नाहीत. ३१ डिसेंबरच्या रात्री, कापणीच्या सणाला, घरगुती प्रार्थनेत माणसं उठून सांगतात. चार वर्षांनी त्याच माणसाला विचारा, साल आठवत नाही, बायबलचं वचन आठवत नाही. उरतं ते "देवानं लई केलं" एवढंच. म्हणून या धाग्यात साक्ष नको, साक्ष टिकवायची रीत सांगा. काय बिघडतं तेही लिहा.

जालना, वहीवाले

दोनशे पानी फुलस्केप वही आणि साधं बॉलपेन. जेलपेन नको, पावसाळ्यात ओल धरली की शाई पसरते. डावं पान लिहायचं, उजवं कोरं सोडायचं. डावीकडे तारीख वर्षासकट, ठिकाण, कोण हजर होतं, काय मागितलं होतं, काय घडलं. सात-आठ ओळी पुरे. मग आडवी रेघ, आणि रेघेखाली वचन व मनात काय आलं ते.

रेघेच्या वर "चमत्कार", "देवानं दार उघडलं" असले शब्द येऊ द्यायचे नाहीत. नमुना असा: "१० जुलै २०२३, सोमवार. पेरणी वाया गेली. दुबार पेरणीला पैसे नाहीत. संध्याकाळच्या प्रार्थनेत बियाण्यासाठी मागितलं. बुधवारी मेहुण्यानं सोयाबीनच्या दोन पिशव्या आणून टाकल्या. त्याला कोणी सांगितलं नव्हतं." एवढंच. पुढच्या वर्षी वाचणाऱ्याला या ओळी पटतात, कारण त्यात शंका घ्यायला जागा सोडलेली असते. नुसतं "प्रभूनं अद्भुत रीतीनं पुरवलं" लिहिलं असेल, तर लिहिणाऱ्यालाच नंतर कळत नाही की पुरवलं म्हणजे नक्की काय.

कोरं पान नंतरसाठी. अम्माऊसच्या वाटेवर उठलेला येशू दोघा शिष्यांबरोबर चालला, पण आपलं अंतःकरण जळत होतं हे त्यांना ओळखू आलं ते त्यानं भाकर मोडल्यावर, चालताना नाही. उलटही होतं. कर्ज मंजूर झालं म्हणून उपकारस्तुती केलेली असते आणि दोन वर्षांनी तेच कर्ज गळ्याशी येतं. तेही उजव्या पानावर लिहा, डावं पान खोडू नका.

घडल्यापासून दोन दिवसांच्या आत लिहावं. आठवड्यानंतर सांगणाऱ्याची गोष्ट आपोआप गुळगुळीत होते, त्यात लबाडी नसली तरी.

उदगीर, रविवारशाळा

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय? आपल्या मंडळ्यांतल्या आज्ज्यांचं खरं धन तोंडीच आहे. मोबाईलवर रेकॉर्ड करा, एका बैठकीत वीस मिनिटांवर नको. "देवाचा अनुभव सांगा" म्हटलं की प्रवचन सुरू होतं. "त्या दिवशी चुलीवर काय होतं, घरात कोण कोण होतं?" असं विचारलं की प्रसंग बाहेर येतो.

तारखेसाठी खुणा लावाव्या लागतात. पोलीस ॲक्शनच्या आधी की नंतर (सप्टेंबर १९४८)? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होता तेव्हा? किल्लारीचा भूकंप झाला (३० सप्टेंबर १९९३) तेव्हा धाकटा केवढा होता? लातूरला रेल्वेनं पाणी आलं (एप्रिल २०१६) त्याच्या अलीकडचं की पलीकडचं? या चार खुंट्यांवर बहुतेक आयुष्य टांगता येतं. ऐकून झालं की त्याच आठवड्यात वहीत उतरवा. फोन बदलला की रेकॉर्डिंग गेलंच म्हणून समजा.

अंबाजोगाई

बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, इस्राएल लोकांनी यार्देन नदीतून बारा धोंडे उचलून गिलगालात उभे केले, मुलांनी विचारावं म्हणून. शेतात असा धोंडा उभा करावा का?

जालना, वहीवाले

बांधावर नको हो. वर्षाच्या आत कोणीतरी शेंदूर लावून नारळ फोडून जातं, मग तो धोंडा आपला राहत नाही. घराच्या आत किंवा कंपाउंडच्या भिंतीत बसवा. काळा दगड, वीतभर पुरे. पाथरवटाकडून साल आणि वचनाचा आकडा कोरून घ्या. ऑइलपेंट उन्हानं दोन-तीन उन्हाळ्यांत उडतो. त्यावर क्रूस, दिवा, हार काही नको. मोशेनं केलेला पितळी साप देवाच्याच आज्ञेवरून केला होता, तरी पुढं लोक त्याला धूप जाळू लागले आणि हिज्कीया राजाला तो फोडावा लागला (२ राजे १८:४). आठवणीची वस्तू पूजेची व्हायला एखादी पिढी पुरते. याकोबानंही बेथेलला धोंडा उभा केला, तेल ओतलं, आणि पुढच्या वाटेला लागला; तिथंच मुक्काम ठोकला नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेलं त्याच नावाचं बेथेल गाव ज्यांना जवळ आहे त्यांनी मुलांना तिथं नेऊन याकोबाच्या या गोष्टीचा, उत्पत्तीचा २८ वा अध्याय वाचावा, दगडापेक्षा ते बरं.

छत्रपती संभाजीनगर, कॅथोलिक

वहीत मोठे प्रसंग येतात, बारीक निसटतात. त्यासाठी संत इग्नेशियसची रोजची उजळणी आहे, रात्री दहा-पंधरा मिनिटं. आधी उपकार मानायचे, मग प्रकाश मागायचा, दिवस सकाळपासून क्रमानं डोळ्यांसमोर आणायचा, चुकलेल्याची क्षमा मागायची, उद्याचं ठरवायचं. लोक चुकतात ते क्रमात: थेट चुकांपासून सुरुवात करतात, मग उजळणीचा रोजचा खटला होतो. आणि अंथरुणात पडून करू नये, तिसऱ्या पायरीला झोप लागते.

लातूर

एक अडचण. मन कोरडं पडलेलं असताना जुनी वही उघडली की उलट त्रास वाढतो. "तेव्हा बोलत होता, आता का नाही?"

परभणी, वचन अभ्यास गट

हा प्रश्न स्तोत्र ७७ मध्ये आहे, आणि फार प्रामाणिकपणे. तिसऱ्याच ओवीत देवाची आठवण काढली की स्तोत्रकर्ता कण्हतो. म्हणजे आठवण औषधासारखी लगेच लागू पडते असं शास्त्र म्हणतच नाही. सातव्या ते नवव्या ओवीत प्रश्नांची सरबत्ती आहे: प्रभू कायमचा टाकील काय, दया संपली काय, देव विसरला काय. हे प्रश्न मोठ्यानं वाचायचे, घाईनं ओलांडायचे नाहीत. अकराव्या ओवीत वळण येतं, आणि तिथं नीट पाहा, तो स्वतःच्या जुन्या अनुभवांवर फार थांबत नाही. तो थेट इस्राएल लोक तांबड्या समुद्रातून पार झाले त्या आठवणीवर जातो. शेवटी मोशे आणि अहरोन आहेत.

यातून निघणारी रीत सोपी आहे. कोरड्या काळात स्वतःची वही बंद ठेवा आणि सगळ्यांची आठवण उघडा: निर्गमाचा १४ वा अध्याय, येशूच्या दुःखसहनाची कथा, प्रभुभोजन. "माझ्या स्मरणार्थ हे करा" ही आज्ञा एकट्याला दिलेली नाही. पंक्तीत बसलेल्याला आपली आठवण आटली तरी शेजाऱ्याची पुरते. वही नंतर, महिन्या-दोन महिन्यांनी. सहा महिने झोप उडाली, जेवण सुटलं असेल तर मात्र पाळकांबरोबर डॉक्टरांकडेही जावं, तो विश्वासाचा कमीपणा नाही.

आणि न मिळालेल्या गोष्टीही वहीत असू द्या. एबन-एजर (म्हणजे साहाय्याचा धोंडा) हे नाव शमुवेलाच्या पुस्तकात आधी येतं ते इस्राएलाच्या पराभवाच्या, देवाच्या कराराचा कोश (पवित्र पेटी) हिरावला गेल्याच्या प्रकरणात. "येथवर परमेश्वराने साहाय्य केले" हे नंतर, सातव्या अध्यायात. फक्त विजयांची वही कोरड्या दिवसांत खोटी वाटू लागते.

बीड, पाळक

सभेत साक्ष पाच मिनिटांत आटपावी. दुसऱ्याचं नाव, आजार, घरातलं भांडण त्याला विचारल्याशिवाय नको. बरं झाल्याची साक्ष असेल तर औषध चालू आहे हे त्याच साक्षीत सांगावं. नाहीतर ऐकणारा आपल्या गोळ्या बंद करतो, आणि टीबीच्या सहा महिन्यांच्या कोर्समध्ये हे महागात पडतं.

कापणीच्या सणाला ज्वारी-तुरीची टोपली ठेवून लोक लगेच लिलावाकडे वळतात. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात टोपलीबरोबर बोलायचंही आहे. "माझा पूर्वज भटकणारा अरामी होता" इथून सुरुवात. आपणही टोपली ठेवताना दोन वाक्यं बोलावी: यंदा काय अडलं होतं, काय मिळालं. सेक्रेटरींनी ती तिथंच उतरवून घ्यावी.

उदगीर, रविवारशाळा

लहान मुलांसाठी स्तोत्र १३६. सव्वीस ओव्या, प्रत्येकीला "त्याची दया सनातन आहे" हा एकच प्रतिसाद. सगळ्या म्हणवू नका, मुलं कंटाळतात; दहा घ्या आणि शेवटच्या दोन घरच्या करा. "ज्याने बोअरला पाणी ठेवले" वगैरे. मुलंच सुचवतात.

अंबाजोगाई

वह्या भरल्यावर कुठं ठेवता? आमच्याकडे वाळवी फार.

जालना, वहीवाले

भिंतीला लागून लाकडी कपाटात नको. पत्र्याची पेटी, खाली दोन विटा, आत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. पावसाळा सरला की एक दिवस सावलीत उघडी ठेवा. पहिल्या पानावर वही कोणाकडे जायची ते लिहून ठेवा, नाहीतर रद्दीत जाते.