पोटरी चोळू नका, आधी डॉपलर (पायाच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करून घ्या
इथे एका ताईंनी लिहिलंय की मेंदूच्या गाठीच्या ऑपरेशननंतर नवऱ्याची एक पोटरी सुजली आहे, आणि त्याखाली कोमट तेल लावून चोळायचा सल्लाही आलाय. कृपा करून चोळू नका. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

माझ्या सासऱ्यांचं ग्लायोब्लास्टोमाचं (मेंदूतल्या कर्करोगाच्या गाठीचं) ऑपरेशन झालं. बाराव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, यांचा डावा मोजाच तेवढा रुततोय." शिवणकामाच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या तर साडेतीन सेंटीमीटरचा फरक! डॉपलरमध्ये गुठळी निघाली. दोन्ही पाय सारखेच सुजले तर ते डेक्सामेथासोनमुळेही (मेंदूची सूज उतरवायला देतात ते स्टेरॉइड) असू शकतं, पण एकच सुजला तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर रात्रीसुद्धा थांबू नका.

गुठळी नुसती पडून राहिल्यामुळे होत नाही. ग्लायोमाच्या (ग्लायोब्लास्टोमा ज्यात मोडतो त्या गाठींच्या) पेशीच रक्त गोठायला मदत करतात. ग्लायोब्लास्टोमाच्या साधारण २० ते ३० टक्के रुग्णांना कधी ना कधी गुठळी होते, त्यामुळे घरी आलो म्हणजे सुटलो असं नाही.

"रक्त पातळ करायचं इंजेक्शन लगेच का दिलं नाही?" असंही विचारलंय. डोक्यातली जखम ताजी असते, तिथे रक्तस्रावाची भीती. म्हणून आधी पायांना हवेने दाबणारे पट्टे आणि सहसा २४ ते ४८ तासांनी हेपारिन, म्हणजे रक्त पातळ करायचं ते इंजेक्शन. नेमकी वेळ सर्जनच ठरवतात. आमच्याकडे पुढे एनॉक्सापॅरिन (हेपारिनचाच एक प्रकार) मीच पोटावर टोचायचे, बेंबीपासून निदान दोन इंच लांब, रोज बाजू बदलून.