मदत हवी आहे : प्रागमधील लेनन भिंत

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात वडिलांना घेऊन कोल्हापूरहून प्रागला जात आहे. डिसेंबर १९८० मध्ये ‘बीटल्स’ या ब्रिटिश बँडचे गायक जॉन लेनन यांची हत्या झाल्यावर तेथील तरुणांनी ज्या भिंतीवर त्यांचे चित्र व गाण्यांच्या ओळी रंगवल्या, पोलिसांनी वारंवार पुसूनही १९८९ मध्ये साम्यवादी राजवट जाईपर्यंत जिच्यावर लोक आपला विरोध लिहीत राहिले, ती भिंत आम्हाला पाहायची आहे. वडिलांनी तरुणपणी बिंदू चौकातील सभांसाठी रात्र-रात्र जागून गेरूने भिंतींवर घोषणा लिहिल्या आहेत, त्यामुळे त्यांना या भेटीची विशेष ओढ आहे.

२०१९ पासून तेथे स्प्रेच्या रंगाला बंदी असून ठरावीक जागेतच खडू, पेन्सिल किंवा मार्करने लिहिता येते. अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे की, लिहिण्याची ही जागा बसून लिहिता येईल इतक्या उंचीवर आहे का? वडिलांना मराठीतून एक ओळ लिहायची आहे, आणि त्यांना फार वेळ उभे राहवत नाही. चार्ल्स पुलावरून अंतर थोडेच आहे, परंतु दगडी फरसबंदीवरून गुडघेदुखी असलेल्या माणसाला जाणे जमेल का? गर्दी कोणत्या वेळी कमी असते, हेही कळवावे.