कुलुपापेक्षा पत्ता नीट वाचावा
पत्त्याशेजारी कुलूप दिसले की संकेतस्थळ खरे मानावे, हे अनेकदा ऐकू येणारे मत मला धोक्याचे वाटते. ते चिन्ह एवढेच सांगते की आपली माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही, आणि ते कुलूप दिसण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र भामट्यालाही फुकट मिळते. त्याऐवजी पहिल्या एकेरी तिरक्या रेघेआधीचा (/) पत्ता उजवीकडून वाचावा, कारण सुरुवातीला बँकेचे नाव कितीही ठळक असले तरी मालकी शेवटच्या शब्दांवरून ठरते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर येण्यास सांगितले. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे. रक्कम इतर खात्यांत पांगण्याआधीच ती गोठवता येते.